वचन, इशारा आणि दयेचे दार : इमाम अबुल हसन अश्अरी (रह.)

वाचकहो, मय्यतीच्या घरी हा प्रसंग तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. दफन करून माणसे परत आलेली असतात. बाहेर बसलेल्यांपैकी कोणी तरी हलक्या आवाजात मृताचा हिशेब मांडू लागतो. त्याची नमाज किती होती, व्यवहार कसा होता, शेवटी तौबा झाली की नाही. एक जण पवित्र कुरआनची एक आयत सांगून त्याला जहन्नमच्या वाटेवर पाठवतो. दुसरा दुसरी आयत सांगून त्याची सुटका जाहीर करतो. आतल्या खोलीत मृताची आई बसलेली असते, आणि तिला दोघांचेही बोलणे ऐकू येत असते. दोन्ही आयती अल्लाहच्याच आहेत. मग तिने कोणत्या आयतीवर मन ठेवावे?

हा प्रश्न नवा नाही. इस्लामच्या पहिल्या तीन शतकांत यावरून विद्वानांच्या बैठका फुटल्या, पंथ उभे राहिले आणि माणसांनी एकमेकांना धर्माबाहेर काढले. आज ज्यांचे चरित्र तुमच्यापुढे मांडत आहे, त्या इमाम अबुल हसन अश्अरी (रह.) यांनी आयुष्याची पहिली चाळीस वर्षे या प्रश्नाचे एक उत्तर शिकण्यात व शिकवण्यात घालवली, आणि उरलेले आयुष्य ते उत्तर मागे घेण्यात.

त्यांचा जन्म हिजरी सन २६० मध्ये, म्हणजे इ. स. ८७४ च्या सुमारास, इराकमधील बसरा शहरी झाला. नाव अली, वडिलांचे नाव इस्माईल. घराणे मूळचे यमनच्या अश्अर कबील्यातले. ज्यांच्या सुरेल कुरआनपठणाची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रशंसा केली होती, त्या सहाबी हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांचे हे वंशज. वडील हदीस मानणाऱ्यांच्या परंपरेतले होते. मरताना त्यांनी आपल्या मुलाला झकरिया साजी या हदीसच्या विद्वानाकडे सोपवण्याची इच्छा व्यक्त केली, असे चरित्रकार सांगतात. परंतु मुलाची वाट वेगळीच निघाली. बसऱ्यातील मुअतजिला पंथाचे सर्वांत मोठे पंडित अबू अली जुब्बाई यांच्याशी त्याच्या आईचा पुनर्विवाह झाल्याचे सांगितले जाते. सावत्र वडील हेच गुरू झाले. जुब्बाई यांची लेखणी जोरदार होती, पण वादसभेत ते तितके तरबेज नव्हते. म्हणून अनेकदा ते आपल्या जागी या तरुण शिष्यालाच उभे करीत.

मुअतजिला म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यांना केवळ भरकटलेले लोक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. मुसलमानांमधील पहिल्या यादवीनंतर एक प्रश्न टोकदार झाला होता. मोठा गुनाह करून तौबा न करता मरणारा मुसलमान कोण? खारिजी म्हणाले, तो काफिर. मुर्जिआ नावाच्या लोकांतले टोकाचे म्हणाले, ईमान असले की गुनाहने काही बिघडत नाही. हजरत हसन बसरी (रह.) यांच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला असता वासिल बिन अता यांनी तिसरेच उत्तर दिले. असा माणूस ना मोमिन, ना काफिर. तो दोहोंच्या मधल्या स्थानी आहे. इतके बोलून ते उठले आणि मशिदीच्या दुसऱ्या खांबापाशी जाऊन बसले. तेथून हा पंथ सुरू झाला, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे.

या पंथाच्या पाच मूलतत्त्वांपैकी एक होते वअ्द आणि वईद. वअ्द म्हणजे अल्लाहने दिलेले वचन आणि वईद म्हणजे त्याने दिलेला शिक्षेचा इशारा. त्यांचे म्हणणे असे की, अल्लाह न्यायी आहे आणि त्याचे बोलणे खरे आहे. त्याने सत्कर्म करणाऱ्याला जन्नतचे वचन दिले; ते पाळले जाणारच. त्याने गुनाहगाराला जहन्नमचा इशारा दिला. तोही अमलात येणारच. अन्यथा अल्लाहची वाणी खोटी ठरेल. म्हणून मोठा गुनाह करून तौबा न करता मेलेला मुसलमान जहन्नममध्ये जाईल आणि कायमचा तेथेच राहील. शिफाअतने त्याची सुटका होणार नाही. काफिराच्या मानाने त्याची शिक्षा सौम्य असेल, इतकाच काय तो फरक.

वाचकहो, या विचारात एक स्वच्छता आहे, हे मान्य करा. जुलमी राज्यकर्ते क्षमेच्या आयतींच्या आड लपत असलेल्या काळात अल्लाहच्या न्यायाची बाजू घेणारी माणसे ही. त्यांच्या हाताशी आयतीही होत्या. सूरह निसाच्या ९३ व्या आयतीत, एखाद्या मोमिनाला जाणूनबुजून ठार मारणाऱ्याचा मोबदला जहन्नम आहे, तो तेथे राहील आणि त्याच्यावर अल्लाहचा कोप व धिक्कार आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. सूरह इन्फितारमध्ये दुराचारी लोक धगधगत्या आगीत असतील आणि तेथून ते दूर होऊ शकणार नाहीत, असे येते. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे पोटात आग भरतात, हे सूरह निसाच्या आरंभीच सांगितले आहे. तरुण अश्अरी याच आयती सांगत, याच रीतीने सांगत.

आणि तरीही त्याच सूरह निसामध्ये, खुनाच्या आयतीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, ४८ व्या व ११६ व्या आयतीत, एक वेगळी गोष्ट सांगितली आहे. अल्लाह आपल्याबरोबर कोणाला भागीदार ठरवले जाणे क्षमा करीत नाही. त्याखालचे जे काही आहे ते तो ज्याच्यासाठी इच्छील त्याला क्षमा करतो. सूरह झुमरची ५३ वी आयत तर स्वतःवर अत्याचार केलेल्या सर्व दासांना हाक मारून निराश होऊ नका असे सांगते आणि अल्लाह सगळे गुनाह क्षमा करतो असे जाहीर करते. एकाच ग्रंथात, एकाच सूरहमध्ये, थोड्या अंतरावर, दार बंद झाल्यासारखे वाटते आणि उघडेही दिसते. ज्याचे पूर्ण शास्त्र एकाच दारावर उभे आहे, त्याला दुसरे दार स्वस्थ बसू देत नाही.

अश्अरी यांच्या मनात हे कधीपासून घोळत होते, याची तारीख लागत नाही. नंतरच्या ग्रंथकारांनी मात्र गुरुशिष्यांमधील एक संवाद नोंदवला आहे, आणि मदरशांतून तो आजही शिकवला जातो. शिष्याने विचारले की, तीन भावांचे काय होईल? एक मोमिन म्हणून मेला, एक काफिर म्हणून, एक लहानपणीच. जुब्बाई म्हणाले की, पहिल्याला जन्नतमध्ये उच्च स्थान, दुसऱ्याला शिक्षा, तिसऱ्याची सुटका. शिष्याने विचारले की, लहानग्याने उच्च स्थान मागितले तर? गुरू म्हणाले की, त्याला सांगितले जाईल, ते स्थान तुझ्या भावाने कर्माने मिळवले, तुझ्याजवळ कर्म नाही. शिष्य म्हणाला की, मग तो म्हणेल, मला जगू दिले असते तर मीही कर्म केले असते. गुरूंनी उत्तर दिले की, अल्लाह सांगेल, तू मोठा होऊन गुनाह करशील हे मला ठाऊक होते, म्हणून तुझ्या हितासाठी तुला लवकर उचलले. तेव्हा शिष्याने शेवटचा प्रश्न केला. मग तो काफिर भाऊ जहन्नममधून विचारील की, माझेही भविष्य ठाऊक होते, मग माझे हित पाहून मला लहानपणीच का उचलले नाही? जुब्बाई निरुत्तर झाले.

हा संवाद शब्दशः असाच झाला असेल का, याबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण त्यात नेमके दुखणे पकडलेले आहे. अल्लाहने काय केलेच पाहिजे याची यादी माणसाने एकदा करायला घेतली की, ती यादी त्याच्याच हातात फाटते. क्षमेचेही तसेच. अल्लाहला शिक्षा करावीच लागेल असे म्हणणारा त्याच्या न्यायाचा मान राखायला निघतो, आणि नकळत मालकालाच बंधनात घालून बसतो.

वयाच्या चाळिशीत रमजानच्या महिन्यात त्यांनी तीन वेळा स्वप्न पाहिले, असे सांगतात. तीनही वेळा प्रेषित (स.) यांनी त्यांना आपल्यापासून पोहोचलेल्या शिकवणीची बाजू घेण्यास सांगितले. पहिल्या दोन स्वप्नांनंतर त्यांनी तर्कशास्त्र व वादविद्या सोडून दिली आणि केवळ कुरआन व हदीस हाती धरले. तिसऱ्या स्वप्नात त्यांना विचारणा झाली की, वादविद्या सोडायला कोणी सांगितले होते? सांगितले होते ते सत्याची बाजू घ्यायला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बुद्धी टाकून दिलेला माणूस पुढे जे कार्य झाले ते करू शकला नसता.

त्यानंतर पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मग एका शुक्रवारी ते बसऱ्याच्या जामा मशिदीत मिंबरवर चढले. त्यांनी आपले नाव, आपल्या वडिलांचे नाव सांगून ओळख दिली. कुरआन निर्मित आहे, आखिरतमध्ये अल्लाहचे दर्शन होणार नाही आणि वाईट कर्मांचा निर्माता माणूस स्वतः आहे, असे आपण आजवर मानत होतो. त्या सर्वांतून आपण तौबा करीत आहोत, असे त्यांनी लोकांसमोर सांगितले. अंगावरील वस्त्र उतरवून, या वस्त्रासारखीच आपण जुनी मते उतरवली, अशी खूण त्यांनी केली आणि नवे ग्रंथ लोकांच्या हाती दिले. हे हिजरी ३०० च्या सुमाराचे. गुरू जुब्बाई आणखी तीनेक वर्षे जगले. आपल्याच हाताने घडवलेल्या शिष्याशी वाद करणे त्यांच्या वाट्याला आले.

आता मूळ गाठीकडे या. अश्अरी यांचा अल्-लुमअ् हा छोटा ग्रंथ आहे. त्यातील एक प्रकरण याच विषयावर आहे: आम आणि खास, म्हणजे सर्वांना उद्देशून आलेला शब्द आणि काहींनाच लागू होणारा शब्द, आणि त्याच्याशी जोडलेले वअ्द व वईद. त्यांचा रोख असा की, अरबी भाषेत जो कोणी, दुराचारी लोक, असे शब्द येतात तेव्हा त्यांचा अर्थ सगळे असाही होतो आणि त्यांतले काही असाही होतो. केवळ शब्दाच्या रूपावरून सगळेच असा निर्णय देता येत नाही. आणि तसा हट्ट धरायचाच असेल तर आशेच्या आयतींचे शब्दही तितकेच व्यापक आहेत. जो कोणी सत्कर्म घेऊन येईल तो त्या दिवसाच्या भयापासून सुरक्षित राहील, असे सूरह नम्लमध्ये आले आहे. ते वाचून मुर्जिआ म्हणतील की, कोणताही मोमिन जहन्नममध्ये जाणारच नाही. एकाने भयाची आयत घट्ट धरावी, दुसऱ्याने आशेची, आणि दोघांनी एकमेकांवर फेकावी, यातून कुरआनचा अर्थ निघत नाही.

मग निर्णय कशाने व्हावा? येथे सुन्नी विद्वानांनी जो युक्तिवाद केला, तो तुम्ही घरी कुरआन उघडून स्वतः पडताळून पाहा. सूरह निसाची ४८ वी आयत तौबा केलेल्यांबद्दल आहे, असे मुअतजिला म्हणत. पण तौबा केल्यावर तर शिर्कही माफ होतो. सहाबींपैकी कितीतरी जण आधी मूर्तिपूजक होते. आयत तौबा करणाऱ्यांबद्दल असती, तर शिर्क माफ होत नाही आणि बाकीचे माफ होऊ शकते, हा फरक तिने केलाच नसता. म्हणजे ती तौबा न करता मेलेल्यांबद्दलच आहे. त्यांच्यापैकी शिर्क करणाऱ्याला क्षमा नाही. बाकीच्यांचा निकाल अल्लाहने आपल्या इच्छेवर राखून ठेवला आहे. उलट सूरह झुमरची ५३ वी आयत जिवंत माणसाला हाक मारते. लगेच पुढची आयत पाहा: शिक्षा येण्यापूर्वी आपल्या पालनकर्त्याकडे वळा. तेथे तौबेचे आमंत्रण आहे, म्हणून तेथे सगळे गुनाह असा शब्द आहे. एक आयत श्वास चालू असलेल्याशी बोलते, दुसरी श्वास थांबलेल्याविषयी. दोहोंत विरोध उरत नाही.

आणि खुनाची ती ९३ वी आयत? तिच्यात खुनी कशाला पात्र आहे हे सांगितले आहे. आणि अल्लाह ज्याला मोबदला देऊ इच्छील त्याला तो हाच देईल, सोडू इच्छील त्याला सोडील, असा अर्थ अबू मिज्लझ यांच्यासारख्या ताबिई विद्वानांनी केला होता. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे या आयतीबाबतचे कडक मत हदीसच्या ग्रंथांत आहे, ते लपवू नये. पण सूरह फुरकानमध्ये शिर्क, खून आणि व्यभिचार यांची नावे घेऊन दुप्पट शिक्षा सांगितल्यावर लगेच तौबा करणाऱ्यांना वगळले आहे, आणि त्यांच्या वाईट कर्मांच्या जागी चांगली कर्मे लिहिण्याचे वचन दिले आहे. हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांनी सांगितलेली बैअतची हदीस बुखारीत आहे. तिच्यात चोरी, व्यभिचार, हत्या यांपासून दूर राहण्याची शपथ घेतल्यावर असे सांगितले आहे की, ज्याच्या हातून यांतले काही घडले आणि अल्लाहने ते झाकले, त्याचा मामला अल्लाहकडे आहे; तो इच्छील तर शिक्षा करील, इच्छील तर क्षमा करील.

मुअतजिलांचा मुख्य आक्षेप तरीही उरतो. दिलेला इशारा अमलात आणला नाही तर ते खोटे बोलणे नव्हे काय? या प्रश्नावर अश्अरींच्या शंभराहून अधिक वर्षे आधी बसऱ्यातच एक चकमक झाली होती. मुअतजिलांचे अम्र बिन उबैद यांनी हा मुद्दा भाषापंडित अबू अम्र बिन अला यांच्यापुढे मांडला. अबू अम्र सात प्रसिद्ध कुरआनपठणकारांपैकी एक. त्यांनी अम्र यांच्या अरबीचीच कीव केली. अरबांच्या लेखी दिलेले वचन मोडणे ही नामुष्की आहे. दिलेली धमकी सोडून देणे हा मोठेपणा आहे, आणि जुन्या कवींनी त्याचा अभिमानच मिरवला आहे. सावकाराचे उदाहरण घ्या. त्याने देऊ केलेली रक्कम दिली नाही तर तो लबाड. त्याने स्वतःचे येणे सोडले तर त्याला कोणी लबाड म्हणत नाही. वचन हा दुसऱ्याला दिलेला हक्क असतो, इशारा हा स्वतःचा राखून ठेवलेला हक्क. पुढच्या काही विद्वानांना एवढ्याने समाधान वाटले नाही. त्यांनी असे म्हटले की, इशाऱ्याच्या प्रत्येक आयतीत अल्लाह क्षमा न करील तर, ही अट अध्याहृत आहे आणि ती अट ४८ व्या आयतीने उघड केली आहे. मला हे उत्तर अधिक भक्कम वाटते.

येथे एक सावधगिरी. हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. इच्छील त्याला, हे शब्द कोणाच्या नावाने आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. अश्अरी यांनी स्वतः आपल्या अल्-इबाना या ग्रंथात, काही ईमानवाले जहन्नममध्ये जळतील आणि मग प्रेषित (स.) यांच्या शिफाअतने बाहेर काढले जातील, हा विश्वास नोंदवला आहे. शिवाय माणसांचे हक्क वेगळेच. ज्याचा पैसा खाल्ला, ज्याची अब्रू घेतली, त्याला कयामतच्या दिवशी आपली सत्कर्मे मोजून द्यावी लागतील, असे मुस्लिममधील दिवाळखोर माणसाच्या हदीसमध्ये आहे.

उत्तरायुष्य त्यांनी बगदादला काढले. शुक्रवारी खलीफा मन्सूर यांच्या जामा मशिदीत अबू इसहाक मर्वझी या शाफई फकीहांच्या बैठकीला ते जाऊन बसत. त्यांचे पूर्वज बिलाल बिन अबू बुर्दा यांनी वंशजांसाठी वक्फ केलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर ते राहत, आणि त्यांचा वर्षाचा खर्च १७ दिरहम होता, असे त्यांच्या सेवकाने सांगून ठेवले आहे. शाफई आणि मालिकी विद्वानांनी त्यांची पद्धत पुढे नेली, हनफींमध्ये तेच कार्य समरकंदचे इमाम मातुरीदी (रह.) यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्या कोकणातील शाफई घराण्यांत अकीद्याचे जे धडे पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले, त्यांचा धागा बसऱ्याच्या त्या मिंबरपर्यंत जाऊन पोहोचतो.

त्यांच्या ग्रंथांपैकी एकाचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. मकालातुल इस्लामिय्यीन व इख्तिलाफुल मुसल्लीन, म्हणजे इस्लाम मानणाऱ्यांची मते आणि नमाज पढणाऱ्यांचे मतभेद. त्यात खारिजी, शिया, मुर्जिआ, मुअतजिला, सर्वांची मते आहेत. आणि ती विरोधकाने विकृत केलेली नाहीत, हे त्या पंथांच्या आजच्या अभ्यासकांनाही मान्य आहे. ज्यांचे खंडन करण्यात आयुष्य गेले, त्यांना ग्रंथाच्या मथळ्यात त्यांनी नमाजी म्हटले.

हिजरी ३२४ मध्ये, इ. स. ९३५-३६ च्या सुमारास, बगदादमध्ये त्यांचा अंत झाला. शेवटच्या घटकांबद्दल झाहिर बिन अहमद सरखसी या शिष्याने सांगितलेल्या दोन गोष्टी दमिश्कचे इतिहासकार इब्ने असाकिर यांनी नोंदवल्या आहेत. एक अशी की, शिष्याच्या मांडीवर डोके असताना ते काही पुटपुटत होते. कान लावून ऐकले तेव्हा मुअतजिलांनी लोकांना फसवले म्हणून ते त्यांचा धिक्कार करीत होते. दुसरी अशी की, मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी झाहिर यांना बोलावून साक्षी राहण्यास सांगितले की, या किब्ल्याकडे तोंड करणाऱ्या कोणालाही आपण काफिर म्हणत नाही. सर्व जण एकाच उपास्याकडे बोट दाखवतात आणि बाकीचा फरक शब्दांचा आहे. या दोन नोंदींपैकी एक खरी आणि दुसरी खोटी ठरवण्याचा प्रयत्न काहींनी केला आहे. मला तशी गरज वाटत नाही. चाळीस वर्षे ज्या मताने त्यांना अडकवून ठेवले, त्या मताचा राग शेवटपर्यंत गेला नसेल. आणि ते मत मानणाऱ्यांचा निकाल आपल्या हाती घ्यायलाही ते तयार नव्हते. साक्ष देऊन झाल्यावर त्यांनी डोळे मिटले ते झाहिर यांच्याच घरात.